हवा एकाची, मते दुसऱ्याची: २०२८ च्या अमेरिकी निवडणुकीच्या बातम्या कशा वाचाव्यात

प्रश्न: ७ नोव्हेंबर २०२८ ला अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक होईल. तिथली माध्यमे निकाल फिरवू शकतात का? आणि व्हान्स, न्यूसम अशी जी नावे आत्तापासून कानावर येतात, त्यांची शक्यता कशी जोखायची?

उत्तर: अमेरिकेत एका निवडणुकीच्या नावाखाली दोन निवडणुका होतात. पहिली पक्षाच्या आतली. तिला प्रायमरी म्हणतात (काही राज्यांत कॉकस). निवडणुकीच्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत ती राज्याराज्यांत चालते आणि तिथे पक्षाचा उमेदवार ठरतो. दुसरी नोव्हेंबरातली, दोन पक्षांमधली. माध्यमांचा जोर पहिलीत भरपूर असतो आणि दुसरीत फार थोडा. 'माध्यमांनीच जिंकवले' आणि 'माध्यमांचा काही उपयोग होत नाही' ही दोन्ही वाक्ये ऐकू येतात, कारण बोलणारे दोन वेगवेगळ्या निवडणुकांबद्दल बोलत असतात.

नोव्हेंबरात दहापैकी नऊहून अधिक पक्षसमर्थक आपल्याच पक्षाला मत देतात, बातम्या काहीही असोत. प्रायमरीत मात्र सगळेच उमेदवार एका पक्षाचे, त्यामुळे पक्षनिष्ठा तिथे निवड करायला उपयोगी पडत नाही. यादीत दहा नावे असली तरी आपले मत वाया जाऊ नये म्हणून मतदार त्यातल्या 'खऱ्या लढतीतल्या' दोन-तीन नावांकडेच बघतो. ती दोन-तीन नावे कोणती, हे बऱ्याच अंशी बातम्या ठरवतात.

२०१६ ची रिपब्लिकन प्रायमरी याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण. मीडियाक्वांट या कंपनीच्या अंदाजानुसार मार्च २०१६ पर्यंत डोनाल्ड ट्रम्प यांना जवळपास २ अब्ज डॉलर किमतीची फुकट प्रसिद्धी मिळाली होती. त्यांचे प्रतिस्पर्धी जेब बुश यांना मिळाली सुमारे २१ कोटींची. जाहिरातींच्या खर्चाचे गणित बरोबर उलटे होते. बुश यांच्या बाजूने ८ कोटींहून जास्त डॉलर गेले, ट्रम्प यांचे सुमारे १ कोटी. वाहिन्या ट्रम्प यांच्या सभा सुरू होण्याआधीचे रिकामे व्यासपीठसुद्धा थेट दाखवत होत्या. पण फुकट प्रसिद्धीचे रूपांतर विजयात झाले ते नियमांमुळे. रिपब्लिकन पक्षात अनेक राज्यांत पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला सगळे किंवा बहुतेक प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे) मिळतात. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना फक्त ३२.५ टक्के मते पडली आणि तिथले सर्व ५० प्रतिनिधी त्यांच्या खात्यात गेले. विरोधातली मते पाचजणांत फुटली होती. मैदानात गर्दी, एकावरच कॅमेरा आणि 'जिंकेल त्याला सगळे' असा नियम एकत्र आले, की एक तृतीयांश पाठिंब्यावरही उमेदवारीची वाट मोकळी होते.

डेमोक्रॅटिक पक्षात हे गणित चालत नाही. तिथे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात आणि वाटणीत येण्यासाठी किमान १५ टक्के मते लागतात. कोणी नुसता गाजतो आहे म्हणून सगळे घेऊन जात नाही, पण १५ च्या खाली राहिलेला जवळजवळ रिकाम्या हाताने परततो. म्हणून डेमोक्रॅटिक शर्यतीच्या जनमत चाचण्या वाचताना पहिला कोण यापेक्षा १५ ची रेघ किती जण ओलांडतात ते आधी पाहावे. पहिल्या चार राज्यांनंतर पाचजण १० ते २० च्या दरम्यान अडकलेले असतील तर शर्यत लांबते. दोघेच रेघेच्या वर असतील तर महिन्याभरात चित्र स्पष्ट होते.

२०२० मध्ये जो बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. बातम्यांनी त्यांना जवळपास निकालात काढले होते. २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनातले वजनदार कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला. २९ ला बायडेन यांनी ते राज्य मोठ्या फरकाने जिंकले. पुढच्या दोन दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुचार हे प्रतिस्पर्धी बाहेर पडले, आणि ३ मार्चला एकाच दिवशी मतदान झालेल्या १४ पैकी १० राज्ये बायडेन यांच्याकडे गेली. त्यात मॅसॅच्युसेट्स आणि मिनेसोटा होती, जिथे त्यांचा प्रचार नावालाच होता. जाहिराती करून हे तीन दिवसांत साधले नसते. इथे बातमीने लोकांचे मत बदलले नाही. मत आधीच अनुकूल होते, 'हा माणूस निवडून येऊ शकतो' ही खात्री फक्त बातमीने दिली.

त्याच वर्षी मायकल ब्लूमबर्ग यांनी स्वतःचे १ अब्जाहून जास्त डॉलर ओतले आणि जिंकले काय, तर अमेरिकन सामोआ हा चिमुकला बेटसमूह. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण हवे असेल तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार घ्या. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्यांनी स्वतःच्या खिशातून १ कोटी डॉलरहून जास्त लावले. टीव्हीवरच्या जाहिरातींच्या बळावर सुरुवातीच्या काही चाचण्यांत ते आघाडीवरही होते. मतदानाच्या दिवशी ते तिसरे आले. जिंकल्या ग्रेचेन व्हिटमर, ज्यांचे नाव आता २०२८ च्या यादीत घेतले जाते. (ठाणेदार पुढे २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून अमेरिकी संसदेत गेले. छोट्या मतदारसंघात तोच पैसा कामी येतो.) विकत घेतलेली ओळख आधी चढते आणि लोक खरोखर निवड करायला बसले की उतरते. वर्षभर आधीची चाचणी मुख्यतः नाव किती ओळखीचे आहे तेवढेच मोजते.

म्हणूनच 'सध्या आघाडीवर कोण' या बातमीला फारसे वजन देऊ नये. २००३ मध्ये डेमोक्रॅट मतदारांत बराच काळ जो लिबरमन पुढे होते, २००७ मध्ये रिपब्लिकनांत रुडी जुलियानी. लिबरमन यांना एकही राज्य जिंकता आले नाही, जुलियानी यांनाही नाही. याउलट जिमी कार्टर १९७६ च्या आधी देशाला जवळपास अपरिचित होते. अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा: पुढे असलेल्याला पक्षात ५० टक्क्यांच्या वर टिकाऊ पाठिंबा असेल तर त्याला हलवणे कठीण जाते. २५ टक्के पाठिंब्यावर पुढे असणे म्हणजे उरलेले ७५ टक्के अजून त्याच्याकडे वळलेले नाहीत.

राज्यघटनेच्या २२ व्या दुरुस्तीमुळे ट्रम्प तिसऱ्यांदा निवडून येऊ शकत नाहीत, त्यामुळे रिपब्लिकन बाजूला उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्याकडे साहजिकच नजरा वळतात. पक्षांतर्गत शर्यतीत पदावरच्या उपाध्यक्षाला मोठा फायदा असतो. १९६० मध्ये निक्सन, १९६८ मध्ये हम्फ्री, १९८८ मध्ये थोरले बुश, २००० मध्ये गोर, २०२४ मध्ये हॅरिस, सगळ्यांना उमेदवारी मिळाली. नोव्हेंबरात या पाचांपैकी फक्त बुश जिंकले, आणि त्यांच्याआधी असे जिंकणारे उपाध्यक्ष शोधायला थेट १८३६ च्या व्हॅन ब्यूरेनपर्यंत मागे जावे लागते. उपाध्यक्षाच्या डोक्यावर आधीच्या चार वर्षांचे सगळे हिशेब बसतात. व्हान्स यांची शक्यता त्यांच्या मुलाखतींवरून मोजू नका. अध्यक्षांच्या कामाला पसंती देणाऱ्यांचे प्रमाण आणि किराण्याचे भाव यांवरून मोजा. २०२८ च्या उन्हाळ्यात ती पसंती ४० टक्क्यांच्या खाली असेल तर कितीही चांगली भाषणे त्यांना वाचवू शकणार नाहीत.

डेमोक्रॅटिक बाजूला असा स्वाभाविक वारस नाही. कॅलिफोर्नियाचे गॅव्हिन न्यूसम, पेनसिल्व्हेनियाचे जॉश शापिरो, इलिनॉयचे जे. बी. प्रिट्झकर, बुटिजेज, व्हिटमर, अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ, आणि पुन्हा हॅरिस, अशी यादी लांबते. समाजमाध्यमांवर गाजणे आणि साउथ कॅरोलायनातल्या चर्चमध्ये रविवारी दिसणाऱ्या साठीतल्या मतदाराला पटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. डेमोक्रॅटिक प्रायमरीत वयस्कर आणि कृष्णवर्णीय मतदारांचे वजन मोठे असते. ऑनलाइन चर्चेत ते जवळजवळ दिसतच नाहीत. २०१९-२० मध्ये समाजमाध्यमांवर ज्यांची हवा होती त्यांत बायडेन कधीच नव्हते.

वादचर्चेच्या (डिबेट) मंचावर जागा मिळवण्याची धडपडही लक्षात घ्या. पहिल्या वादचर्चेसाठी २०१९ मध्ये डेमोक्रॅट्सनी अट घातली होती: तीन चाचण्यांत किमान १ टक्का, किंवा ६५,००० वेगवेगळे देणगीदार आणि २० राज्यांत प्रत्येकी किमान २००. २०२३ मध्ये रिपब्लिकनांनी चाचण्यांतला टक्का आणि ४०,००० देणगीदार दोन्ही मागितले. तेव्हा नॉर्थ डकोटाचे उमेदवार डग बर्गम यांनी १ डॉलर देणाऱ्याला २० डॉलरचे गिफ्ट कार्ड देऊ केले आणि मंचावर पोहोचले. आपल्याकडच्या साड्या-भांड्यांच्या वाटपाची आठवण व्हावी असाच प्रकार. तेव्हा 'अमुक उमेदवाराला लाखभर देणगीदार' असा मथळा दिसला, तर त्यांनी सरासरी किती दिले आणि परत किती जणांनी दिले हे बघा. एकाच व्यक्तीने एका निवडणुकीसाठी द्यायची मर्यादा २०२५-२६ च्या चक्रात ३,५०० डॉलर होती, आणि प्रायमरी व मुख्य निवडणूक वेगवेगळ्या मोजल्या जातात. मर्यादा गाठलेले देणगीदार पुन्हा देऊ शकत नाहीत. ५० डॉलर देणारा दर महिन्याला देऊ शकतो.

आता नोव्हेंबरातली निवडणूक. इथे माध्यमांच्या प्रभावाबद्दल संशोधन बरेच आहे आणि निष्कर्ष थंड आहेत. कल्ला आणि ब्रूकमन या अभ्यासकांनी ४९ प्रत्यक्ष प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. मुख्य निवडणुकीत घरोघरी प्रचार, पत्रके आणि जाहिराती यांनी मत फिरण्याचे प्रमाण सरासरी शून्याच्या आसपास निघाले. टेक्ससमध्ये गव्हर्नर रिक पेरी यांच्या २००६ च्या प्रचारात, कुठल्या भागात किती जाहिराती दाखवायच्या हे मुद्दाम चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून पाहिले गेले. परिणाम दिसला, चांगला दिसला, पण आठवड्याभरात जवळपास विरला. डेला व्हिग्ना आणि कॅप्लन यांच्या अभ्यासात रिपब्लिकनांकडे झुकलेली फॉक्स न्यूज वाहिनी ज्या गावांत आली तिथे १९९६ ते २००० दरम्यान रिपब्लिकन मतांत ०.४ ते ०.७ टक्क्यांची भर पडलेली आढळली.

अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण २०१६ ची निवडणूक विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून सुमारे ७८,००० मतांवर फिरली, २०२० ची ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून जेमतेम ४३,००० वर. परिणाम लहान असतो, फरक त्याहून लहान असतो. माध्यमांचे सगळे महत्त्व या फटीत आहे. शेवटच्या आठवड्यात काय घडते यालाही त्यामुळेच किंमत असते. एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांचे हिलरी क्लिंटन यांच्या ईमेलबद्दलचे पत्र २८ ऑक्टोबर २०१६ ला आले, मतदानाला ११ दिवस उरले असताना. तेच पत्र जूनमध्ये आले असते तर नोव्हेंबरपर्यंत शिळे झाले असते.

वादचर्चांचेही तसेच. २७ जून २०२४ ची वादचर्चा बायडेन यांना भोवली आणि २१ जुलैला ते शर्यतीतून बाहेर पडले. पण चाचण्यांत त्यांची घसरण काही टक्क्यांचीच होती. खरी पडझड झाली ती देणगीदार, खासदार आणि पक्षातल्या वडीलधाऱ्यांत. उलट १० सप्टेंबरच्या वादचर्चेत कमला हॅरिस सरस ठरल्याचे बहुतेकांनी मान्य केले, सुमारे ६ कोटी ७० लाख लोकांनी ती पाहिली, चाचण्यांचा काटा मात्र फारसा हलला नाही. माध्यमांचा मोठा परिणाम मतदारावर थेट होत नाही, ज्यांच्या हातात पैसा आणि पाठिंबा आहे त्यांच्यामार्फत होतो. वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतला पाठिंबा तर आता दुर्लक्ष करण्याजोगा आहे: २०१६ मध्ये सर्वाधिक खपाच्या १०० वृत्तपत्रांपैकी फक्त दोघांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला होता.

जाहिरातींच्या पैशाच्या बातम्या वाचताना चूक हमखास होते, कारण डॉलर सगळे सारखे नसतात. अमेरिकी कायद्यानुसार प्रायमरीआधीचे ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीआधीचे ६० दिवस वाहिन्यांनी उमेदवाराला सर्वात कमी दराने वेळ द्यावा लागतो. २०२८ मध्ये ही खिडकी ८ सप्टेंबरला उघडेल. उमेदवाराच्या बाजूने पण त्याच्यापासून स्वतंत्रपणे खर्च करणाऱ्या 'सुपर पॅक' संस्थांना ही सवलत नाही. वाहिनी सांगेल तो भाव त्यांना मोजावा लागतो, आणि ऑक्टोबरात तो कैक पटींनी चढतो. म्हणून उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यातले १० कोटी आणि सुपर पॅकचे १० कोटी यांत पडद्यावर दिसणारा वेळ सारखा नसतो. दुसरे, मार्च-एप्रिलमध्ये येणाऱ्या 'इतक्या कोटींच्या जाहिराती आरक्षित' अशा बातम्या. आरक्षण रद्द करता येते आणि पुष्कळदा केले जाते. मथळा मिळवणे हाही त्यातला हेतू असतो. तिसरे, टीव्हीची बाजारक्षेत्रे राज्याच्या सीमा पाळत नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाच्या वाहिन्यांवर दिलेली जाहिरात न्यू जर्सी आणि डेलावेअरमध्येही दिसते, आणि ती राज्ये चुरशीची नसल्याने तिथली मते या लढतीत निरुपयोगी. न्यू हॅम्पशायरच्या मतदारापर्यंत पोहोचायला शेजारच्या राज्यातल्या बॉस्टनचे महागडे दर भरावे लागतात. खरे आकडे हवे असतील तर वाहिन्यांना आपले राजकीय जाहिरातींचे करार संघीय दूरसंचार आयोगाच्या संकेतस्थळावर टाकावेच लागतात. तिथे दर, वेळ आणि कार्यक्रम सगळे मिळते.

आणखी एक कायदेशीर बारकावा. उमेदवाराने स्वतः दिलेल्या जाहिरातीत वाहिनीला एक शब्दही कापता येत नाही, ती धडधडीत खोटी असली तरी. सुपर पॅकची जाहिरात मात्र वाहिनी नाकारू शकते. एकाला वेळ दिला तर प्रतिस्पर्ध्यालाही तितकाच द्या, हा नियम मुख्यतः अँटेनावर दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या टीव्ही आणि रेडिओ केंद्रांसाठी आहे आणि त्यातही बातम्या वगळल्या आहेत. सीएनएनसारख्या केबल वाहिन्यांना तो सहसा लावला जात नाही, यूट्यूबला आणि पॉडकास्टला तर नाहीच. २०२४ च्या ऑक्टोबरात ट्रम्प प्रसिद्ध पॉडकास्टकार जो रोगन यांच्याशी सुमारे तीन तास गप्पा मारत बसले. प्यू या सर्वेक्षण संस्थेच्या पाहणीत ३० च्या आतल्या ३७ टक्के लोकांनी आपण बातम्या नियमितपणे समाजमाध्यमांवरच्या 'इन्फ्लुएन्सर'कडून घेतो असे सांगितले. राजकारणात रस नसलेल्या तरुणापर्यंत पोहोचायची ही वाट आहे. कोणता उमेदवार तीन तास कागदाशिवाय बोलू शकतो, हा २०२८ साठी रास्त निकष ठरेल.

आता चाचण्या. राष्ट्रीय टक्केवारीवर वेळ घालवू नका. क्लिंटन २०१६ मध्ये देशभरात २.१ टक्क्यांनी पुढे राहूनही हरल्या. अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांना वाटलेल्या निर्वाचक मतांनी. एकूण ५३८ निर्वाचक मतांपैकी २७० लागतात, आणि २०२८ मध्ये राज्यांची मते २०२४ इतकीच असतील, कारण ती २०२० च्या जनगणनेवर ठरली आहेत. पेनसिल्व्हेनिया १९, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना प्रत्येकी १६, मिशिगन १५, ॲरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेवाडा ६. ही सातही राज्ये २०२४ मध्ये ट्रम्प यांनी घेतली. हॅरिस यांना मिळालेल्या २२६ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिनची ४४ मिळवली की बरोबर २७० होतात. डेमोक्रॅट उमेदवार कोणीही असो, त्याची पहिली परीक्षा या तीन राज्यांत आहे. कॅलिफोर्नियातली लोकप्रियता तिथे उपयोगी नाही, पेनसिल्व्हेनियातली आहे. शापिरो यांचे नाव पुन्हा पुन्हा येते ते यामुळेच.

८०० जणांच्या चाचणीत साधारण ३.५ टक्के इकडेतिकडे होऊ शकते. पण ही मर्यादा प्रत्येक उमेदवाराच्या टक्क्याला आहे. दोघांमधल्या फरकाला ती जवळपास दुप्पट, म्हणजे ७ च्या घरात जाते. तेव्हा ४८ विरुद्ध ४५ ला आघाडी म्हणणे हे मथळ्यापुरते ठीक. त्याहून मोठी अडचण उत्तर देणाऱ्यांची आहे. प्यूच्या दूरध्वनी पाहण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत, २०१८ पर्यंत ते ६ टक्क्यांवर आले. जे फोन उचलत नाहीत त्यांचा कल वेगळा असेल तर नमुना कितीही मोठा घ्या, चूक तशीच राहते. २०१६ मध्ये अनेक राज्यांच्या चाचण्यांत शिक्षणानुसार वजन दिलेले (म्हणजे प्रत्येक गटाला लोकसंख्येतल्या वाट्याइतकेच मोजलेले) नव्हते, पदवीधर जास्त आले आणि क्लिंटन फुगल्या. २०२० मध्ये ते दुरुस्त करूनही राष्ट्रीय चाचण्यांत बायडेन जवळपास ४ टक्के जास्त दाखवले गेले. ऑक्टोबरअखेर विस्कॉन्सिनच्या एका नामवंत चाचणीत ते १७ ने पुढे होते, निकाल लागला ०.६ चा. २०२४ मध्ये आयोवात अत्यंत विश्वासार्ह मानल्या गेलेल्या ॲन सेल्झर यांच्या चाचणीने हॅरिस यांना ३ ने पुढे दाखवले आणि ट्रम्प १३ ने जिंकले. त्या एका चाचणीवर शेवटचे तीन दिवस वाहिन्या चालल्या. नियम साधा आहे: एकच चाचणी बाकीच्या सगळ्यांपेक्षा वेगळी बोलत असेल तर ती सरासरीत मिसळा, तिच्यावर स्वप्ने बांधू नका. आणि चुका सगळ्या राज्यांत एकाच दिशेने झुकतात. विस्कॉन्सिनमध्ये अंदाज ३ ने चुकला तर मिशिगनमध्येही तसाच चुकण्याची शक्यता दाट.

सट्टाबाजाराचे भाव, म्हणजे पॉलिमार्केट आणि काल्शी या संकेतस्थळांवरचे, हल्ली बातम्यांत चाचण्यांच्या शेजारी छापले जातात. ५५ हा भाव म्हणजे ५५ टक्के मते नव्हेत, जिंकण्याची शक्यता ५५. मतदानाच्या आदल्या आठवड्यात हे भाव ऐकण्याजोगे असतात. दोन वर्षे आधी नसतात, कारण तेवढा काळ पैसे अडकवून ठेवायला जाणते लोक तयार नसतात आणि न होणाऱ्या उमेदवारांनाही ३-४ चा भाव चिकटून राहतो. चित्रपटातल्या एखाद्या ताऱ्याचे नाव यादीत दिसले की हे ओळखावे.

मतमोजणीची रात्र महाराष्ट्रातून पाहणार असाल तर ८ नोव्हेंबरची सकाळ मोकळी ठेवा. जॉर्जियात मतदान भारतीय वेळेनुसार पहाटे ५.३० ला संपेल, नॉर्थ कॅरोलायनात ६ ला, पेनसिल्व्हेनियात ६.३० ला, विस्कॉन्सिन आणि ॲरिझोनात ७.३० ला, नेवाडात ८.३० ला. पहिल्या दोन तासांतली आघाडी फसवी असते. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपाली मतांची पाकिटे मतदानाच्या दिवसाआधी उघडताच येत नाहीत, आणि ती मते डेमोक्रॅट्सकडे झुकलेली असतात. विस्कॉन्सिनमधले मिलवॉकी शहर ती एका ठिकाणी मोजते आणि मध्यरात्रीनंतर एकगठ्ठा जाहीर करते. त्यामुळे आलेख एकदम उडी मारतो आणि 'घोटाळा' हा शब्द दहा मिनिटांत फिरू लागतो. पडद्यावर 'किती टक्के मोजले' यापेक्षा कोणत्या काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मते बाकी आहेत ते पाहा. फिलाडेल्फिया आणि मिलवॉकी हे डेमोक्रॅट्सचे बालेकिल्ले बाकी असताना रिपब्लिकन उमेदवार २ टक्क्यांनी पुढे असेल तर लढत अजून उघडी आहे. ५ टक्क्यांनी पुढे असेल तर २०२४ सारखे आपल्याकडच्या दुपारच्या चहापर्यंत उत्तर मिळून जाईल.